कंपनीच्या सुरातला बेंजो

आधीच माफी मागतो. व्यक्तिचित्र मोठ्या माणसांचं असतं आणि ते लिहिणारेही मोठेच असतात, अशी माझी समजूत होती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं म्हणतो ते डोमाभाऊ गडचांदूरजवळच्या आमच्या गावात थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावतात आणि उरलेल्या वेळात बेंजो वाजवतात. एवढंच. तरी लिहितो, कारण सिमेंटच्या कंपनीवरून आपला बेंजो सुरात लावणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या गावापाठीमागे कंपनी आहे. तिची घरघर दिवसरात्र चालते. आम्हाला ती ऐकू येत नाही, म्हणजे येते, पण तिकडे कोणाचं लक्ष नसतं. डोमाभाऊ मात्र रियाजाला बसण्याआधी डोळे मिटतात, कान कंपनीकडे करतात, हात वर धरून सगळ्यांना गप्प करतात आणि बेंजोच्या तारा पिळायला लागतात. शेवटी मान हलवतात.

"लागला सूर."

"भाऊ, पेटीवरून लावा ना," असं ढोलकीवाला संतोष दर वेळी म्हणतो. संतोषचं पंक्चरचं दुकान आहे आणि त्याला कोणाची खोडी काढल्याशिवाय ढोलकी वाजवता येत नाही.

"पेटीत धूळ जाते. पेटी बिघडते. कंपनी कधी बिघडली का बे?"

आमच्या पार्टीचं नाव 'पऱ्हाटी म्युझिक पार्टी'. माणसं चार. डोमाभाऊ, संतोष, झांज वाजवायला मी, आणि गायला भाऊंच्या पत्नी शेवंताबाई. गाणीसुद्धा बाईंचीच. कापूस वेचताना त्या मनाने जोडत गेल्या. एका गाण्यात बोंडाला त्या म्हणतात, सासरी जायची एवढी घाई काऊन करून राह्यलं, अजून तर तुझं तोंडही उघडलं नाही. हे ऐकून वेचणाऱ्या बाया हसता हसता डोळे पुसतात.

ही गाणी रेकॉर्ड करायची असं भाऊंनी ठरवलं आणि आमचे हाल सुरू झाले. भाऊंना एकीकडे भयंकर घाई. दुसरीकडे कोणतंही गाणं संपलं की ते तोंड वाकडं करणार आणि म्हणणार, "कच्चं हाये. अजून शिजू द्या."

"भाऊ, आता करपून जाईल," संतोष म्हणायचा.

"तुही ढोलकी करपते. गाणं नाई करपत. चला, पयल्यापासून."

रियाज आंगणात व्हायचा. थंडी असो, धूळ असो, आंगणातच. एकदा पाहुणे आले म्हणून आम्ही कापूस भरलेल्या खोलीत बसलो, तर भाऊ अर्ध्या गाण्यातून उठले. "कापूस आवाज खाते," म्हणाले आणि बेंजो उचलून बाहेर. आंगणातही प्रत्येकाची जागा ठरलेली. टिनाच्या पत्र्याला पाठ लावून बसायची जागा बाईंची. मी एकदा चुकून तिथे बसलो. पत्रा पाठीला बारीक थरथरत होता, कंपनीमुळे. भाऊ असे ओरडले की झांज माझ्या हातातून पडली.

"ऊठ! ते बाईची जागा हाये. तुले सारं आंगण पडलं हाये ना?"

मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. गावालाही तेच वाटायचं.

सोयाबीन निघाल्यावर आम्ही चंद्रपूरला स्टुडिओत गेलो. भाऊंनी नवा दुपट्टा घेतला होता. बेंजोलाही एक घेतला होता, गुंडाळायला. स्टुडिओवाला रोशनदादा चांगला माणूस. त्याने काचेचं दार उघडलं. भिंतींना सगळीकडे स्पंज लावलेला. भाऊ उंबऱ्यातच थांबले.

"हे तं कापसाची खोली हाये!"

दार लागलं आणि एकदम इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. भाऊंनी सवयीने हात वर केला, डोळे मिटले, कान केला. कशाकडे करणार? तसेच उभे राहिले. शेवटी रोशनदादाने कीबोर्डचा सूर दिला, त्यावर बेंजो लावला आणि बाईंनी गाणं सुरू केलं.

बाई बेसूर झाल्या. थोड्या नाही, पार शेजारच्या वावरात गेल्या. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मागे हात नेऊन भिंत चाचपली आणि स्पंजात बोटं रुतवून थांबल्या. संतोष काही तरी बोलायला गेला. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच संतोष गप्प बसला.

"गाणं कच्चं हाये," भाऊ रोशनदादाला म्हणाले. "आमी मंग येतो."

बसस्टँडवर मी भाऊंसोबत चहा घ्यायला गेलो. बाई आणि संतोष दूर बाकावर होते. माझ्या मोबाईलमध्ये तंबोऱ्याचं ॲप होतं, ते मी उत्साहाने लावून दाखवलं.

"हे मच्छर हाये," भाऊ म्हणाले. "बाईले नाई ऐकू येणार."

"म्हणजे?" मी विचारलं.

"क्रेशरवर गिट्टी फोडाले जाये ते, लग्नानंतर. लय वर्षं गेली, त्या आवाजानं कान गेले. आता बारीक आवाज तिले जात नाई. पाखराचा नाई, सायकलच्या घंटीचा नाई. तुह्या झांजेचा तं अजिबात नाई, बरं हाये तिचं. कंपनीचा मोठा आवाज जाते. थोडा कानातून, थोडा पाठीतून. त्यावर सूर धरते ते. मंग म्या बेंजो कंपनीले लावला. काय करू?"

मी ॲप बंद करून मोबाईल खिशात ठेवला.

"डॉक्टर म्हणते, उरलं हाये तेही हळूहळू जाईल. बाबू, जिंदगीभर गाते, पण आपलं गाणं तिनं बसून कधी ऐकलंच नाई. एक बार ऐकाले पायजे ना?" मग कपातला चहा संपवून एकदम आवाज चढवला, "आन तिले म्या काई सांगतलं म्हणून समजू नको देऊ. मारीन."

त्या दिवशी मला कळलं की घाई आणि कच्चं हाये, ही दोन्ही एकाच माणसाची एकच काळजी होती.

मी रोशनदादाला फोन करून आमच्या आंगणातच मशीन घेऊन यायची विनंती केली. तो म्हणाला, "अरे, कंपनीची घरघर येईल ना गाण्यात." भाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला. "येऊ द्या. ते आमच्या पार्टीतली हाये."

रोशनदादा मशीन घेऊन आला त्या सकाळी गावात विचित्र शांतता होती. कंपनी दुरुस्तीसाठी बंद झाली होती.

गाव खुशीत. बायांनी मिरच्या वाळत घातल्या, कारण धूळ नव्हती. एकटे भाऊ आंगणात कान करून उभे. रोशनदादा पोहे खाऊन परत गेला. पुढे भाऊ रोज सायकल काढून कंपनीच्या गेटवर जायला लागले.

"कवा सुरू करता? आमची रेकॉर्डिंग अडून राह्यली."

"काऊन भाऊ, कंपनी काय तुमच्या बेंजोसाठी चालते?" गेटवरचा गार्ड हसायचा.

"मंग? मले तिनं आजवर दुसरं काय देल्लं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल, पुन्हा तेच. इकडे रियाज थांबला नव्हता. कंपनी नाही म्हणून बाई सुरात नसायच्या, तरी भाऊ गाणं पहिल्यापासून घ्यायला लावायचे. एकदाही कच्चं म्हणाले नाहीत. माझी परीक्षा आली आणि मी चंद्रपूरला निघालो. भाऊ स्टॉपपर्यंत आले. "तू पेपर नीट लिही. कंपनी मी पायतो," म्हणाले, जशी काही ती त्यांनाच चालू करायची होती.

काल शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि संतोषचा फोन आला.

"कंपनी सुरू झाली बे! परवा सुरू झाली, काल रोशनदादा आला. एकाच दमात झालं सारं. तुह्या झांजेची कोणाले यादही नाई आली."

"आणि बाई?"

"सुरात. पत्र्याले पाठ लावून. मंग भाऊनं तिच्या कानाले ते मोठे हेडफोन लावले आन आवाज पुरा वाढवाले सांगतला. बाईनं डोळे मिटून सारं गाणं ऐकलं, शेवटपर्यंत. मंग हेडफोन काढले आन भाऊले म्हणते, बेंजो कच्चा हाये तुमचा. अजून शिजू द्या."

"मग भाऊ काय म्हणाले?"

"काय म्हणते! सकाळपासून साऱ्या गावात सांगत फिरून राह्यला, का माहा बेंजो कच्चा हाये."