शौकत पेंटरांनी रंगवलेला कॉम्प्युटर

शौकत पेंटर रस्त्यावरच्या फलकांशी भांडतात. स्कूटर कडेला घेतात, एक पाय खाली टेकवतात आणि फ्लेक्सवरच्या अक्षरांना भर चौकात झापतात. "ह्यो उकार हाय का शेपूट? सरळ हुबा ऱ्हा की जरा!" ज्या भाऊंच्या वाढदिवसाचा तो फ्लेक्स असतो त्यांची पोरं शेजारीच उभी असतात. त्यांना वाटतं, आमच्या भाऊंना बोलतोय. एकदा चारपाच जण बाह्या सरसावून आले. शौकतभाईंनी त्यांनाच कट्ट्यावर बसवून उकार कसा काढायचा ते शिकवलं.

हे आमच्या गल्लीतले शेजारी. सगळं आयुष्य पाट्या रंगवण्यात गेलं, आणि उरलेलं जगदाळ्यांशी भांडण्यात. जगदाळे म्हणजे पलीकडच्या गल्लीतले दुसरे पेंटर. "शौकतचा 'ळ' म्हंजे गाठ बसलेली नाडी," असं ते चहाच्या गाड्यावर जाहीर करत. "जगदाळेचा 'ह' बघून म्हस बुजली," हे शौकतभाईंचं उत्तर. रोज संध्याकाळी एकमेकांची अब्रू काढल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

मग जगदाळ्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर अधिकच धारदार झाली, उजवा हात मात्र परत आला नाही. ते घराबाहेर पडेनात. पुढं कळलं की दोनेक महिन्यांत घर बंद करून ते पेठ वडगावला मुलीकडं कायमचे जाणार आहेत.

"मैदान सोडून पळतंय म्हातारं," शौकतभाई मला म्हणाले. "पळू देतोय व्हय? डावा हात मोकळाच हाय की त्याचा! कॉम्प्युटरवर डाव्या हातानं अक्षरं काढंल."

महिनाभरानं त्यांनी सुटे भाग आणले. तयार कॉम्प्युटर का नाही घेतला, असं मी विचारलं तर केवढ्यांदा ओरडले. "तयार? मी काय फ्लेक्सवाला हाय? आपुन हातानं जोडणार!"

जोडला. टेम्पो यायच्या दिवशी सकाळी जगदाळ्यांना जवळजवळ उचलूनच आणलं, खुर्चीत बसवलं, आणि नारळ फोडायच्या थाटात बटण दाबलं.

काही नाही. पंखा फिरेना, पडदा उजळेना.

"पावणं लाजत्यात जरा," शौकतभाई म्हणाले.

"पावणं न्हाईत, मढं हाय ते," जगदाळे म्हणाले. "तुझ्या अक्षरागत."

मला हाक आली. पतसंस्थेत कॉम्प्युटरपुढं बसतो, एवढ्या भांडवलावर मी गल्लीतला तज्ज्ञ आहे. मी वायर काढून परत लावली. मागचा खटका पाहिला. आतला एकेक जोड दाबून बसवला, मेमरीची पट्टी पुसून घातली. आत बारीक हिरवा दिवा लागत होता, म्हणजे वीज येत होती; पुढच्या बटणाचा निरोप तेवढा आत पोचत नव्हता. शौकतभाई शेजारी उभे राहून पूर्ण आत्मविश्वासानं चुकीचे सल्ले देत होते. "देसाई, उलटा करून हालवा. बरणीतलं लोणचं कसं हालवतासा, तसं!"

"सोड, शौकत," जगदाळे म्हणाले. "टेम्पो यील आता."

तेवढ्यात शौकतभाईंच्या बायको, रेहानाभाभी, चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवून त्या कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यावर वाकल्या, वास घेतला आणि नवऱ्याकडं बघितलं. "आत रंग कुठं लावलासा?"

शौकतभाईंनी कबूल केलं, पण मान ताठ ठेवून. बटणाच्या वायरी जिथं बसतात तिथं बारीक इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ती त्यांना बघवली नव्हती. "मुंगीनं लिवल्यागत! जगदाळेला द्यायची वस्तू, आन् तिच्या पोटात असली अक्षरं?" म्हणून सगळ्यात बारीक ब्रशनं, तांबड्या ऑइलपेंटमध्ये, त्यांनी ती नव्यानं लिहिली होती. सावलीसकट! अक्षरं देखणी होती यात शंका नाही. पण रंग शेजारच्या पिनांवर चढून वाळला होता, आणि वायर पिनेला शिवतच नव्हती.

भाभींनी सुई दिली. वीज काढून मी पिना खरवडल्या, वायर बसवली. शौकतभाईंनी बटण दाबलं आणि पंखा घरघरला.

"बघा! बोलाय लागलं!" जणू दोष माझ्याच बोटांत होता.

चित्रं काढायचा प्रोग्राम सुटे भाग देतानाच दुकानदारानं डिस्कवर घालून दिला होता. जगदाळ्यांनी डावा हात माउसवर ठेवला. एक उभी रेघ. ती निघाली सरळ, मध्येच थरथरली आणि कोपऱ्यात जाऊन पडली. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"बंद कर. बालवाडीतलं पोरगं बरं काढंल."

"सरक," शौकतभाई म्हणाले. त्यांनी उजव्या हातात माउस धरला. वाऱ्यात, शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता पुरुषभर रेघ मारणारा हात हा. त्यांनी जीभ दातात धरली आणि ओढली. रेघ जगदाळ्यांच्या रेघेहून वाकडी आली.

जगदाळे पुढं झुकले. "ही रेघ हाय व्हय रं? बैल मुतल्यागत!"

"मग तू काढ की!"

"काढतो. बघ."

टेम्पो आला. हॉर्न वाजवून दमला. "थांब म्हणावं त्याला," असं जगदाळे पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. थोड्या वेळानं तो रिकामाच परत गेला. उठताना जगदाळ्यांनी शौकतभाईंच्या खांद्याचा आधार घेतला. "उद्या येतो. तुला शिकवाय पायजे."

"ये की. चहाला ये."

ते गेल्यावर मी कॉम्प्युटर बंद करायला वळलो, तर शौकतभाई पडद्यापुढं बसलेले. त्यांनी माउस हलवला आणि वरून खाली एक रेघ सोडली. ओळंबा लावल्यासारखी.

"महिनाभर फ्लेक्सच्या दुकानात बसून शिकलेत," भाभी माझ्या कानाशी म्हणाल्या. "मला सांगायचे, फिरायला जातोय."

शौकतभाईंनी ती रेघ क्षणभर पाहिली आणि पुसून टाकली. मी पुढं होऊन बाकीच्याही पुसायला लागलो, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्याच्या ऱ्हाऊ द्या, देसाई."