ढेकूण कोणत्या जिल्ह्याचे?

शिवकांताअक्का कुणाच्याही घरी गेल्या की खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करत. यजमानीण "बसा ना" म्हणेपर्यंत खुर्चीचे चारही पाय आढ्याकडे झालेले असत. मग अक्का अंबाड्यातला आकडा काढून वेताच्या विणीतून, लाकडाच्या सांध्यांतून फिरवत आणि आकड्याच्या टोकाकडे डोळे बारीक करून बघत. काही सापडलं नाही तर खुर्ची सरळ करून टेकत. सापडलं तर उभ्याउभ्याच बोलत.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादपासून तुटून वेगळा जिल्हा झालं होतं. नवी कार्यालयं आली, त्यांच्यामागे कारकून आले, आणि कारकुनांसाठी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर तीन मजली इमारत उभी राहिली. बारा घरं. कुणी उस्मानाबादहून आलेलं, कुणी निलंग्याहून, कुणी परभणीहून. मी नांदेडची. नुकतंच लग्न होऊन नवरा आणि सासूबाईंबरोबर दुसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. अक्का उदगीरच्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या. नवरा वारल्यावर त्याच्या जागी कलेक्टर कचेरीत आवक-जावकला लागलेल्या. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि प्रत्येक वाक्यानंतर "मान्य हाय का न्हाई?"

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. चार दिवसांनी टँकर यायचा. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात इमारतीत ढेकूण झाले.

एरवी लोक खाटेवर उकळतं पाणी ओततात. इथं प्यायला पाणी नव्हतं, खाटेला कुठून आणणार? मग ज्याला चावे तो आपापल्या घरात गुपचूप फवारा मारी. ढेकूण भिंतीच्या फटीतून शेजारी जात. शेजारी फवारा मारला की परत येत. पण ढेकूण आहेत असं बारा घरांपैकी एकही घर कबूल करत नव्हतं. माणसं जिन्यात उभी राहून पाठ खाजवत आणि म्हणत, "उष्म्यानं घामोळं आलंय."

लोक लाजतात म्हणून अक्कांनी ढेकणांसाठी त्यांच्याकडचा कानडी शब्द काढला. तळमजल्यावर कचेरीच्या रोकड-सामानाचा हिशेब ठेवणारे नाझरसाहेब राहत. त्यांच्या बायकोला अक्कांनी विचारलं, "तुमच्याकडं तिगणे हायेत का?"

तिगणे म्हणजे भाजी की भांडं, हे नाझरीणबाईंना कळेना. पण शेजारणीला नाही म्हणायचं कसं? त्या म्हणाल्या, "होते हो, कालच संपले. आले की पाठवून देते वर."

"शिवा शिवा! पाठवू नका," अक्का म्हणाल्या, "ते आपले आपण येतेत."

असं हसू व्हायचं. मी मात्र हसत नव्हते. कारण मला माहीत होतं.

माझे वडील नांदेडला स्टेशनजवळच्या एका लॉजवर मॅनेजर होते. लॉजमधला एक जुना सागवानी पलंग त्यांनी हौसेनं पॉलिश करून घेतला आणि मला लग्नात दिला. उशाला कोरलेला मोर होता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मोर दाखवायच्या. त्या मोराच्या पिसाऱ्यात काय राहतं ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी रोज दुपारी दार लावून एका लांब खिळ्यानं पिसारा कोरत बसायची. पण ते आवरेनात.

एका सुटीच्या दुपारी सासूबाई टँकरच्या रांगेत होत्या आणि अक्का आल्या. खुर्ची उलटी केली, सरळ केली आणि न विचारता आतल्या खोलीत गेल्या. मोराच्या मानेत आकडा घातला. एक रांगच बाहेर आली.

मला रडू फुटलं.

"रडू नको पोरी. आधीच पाण्याची टंचाई हाय," अक्का म्हणाल्या. "सासूला मालूम हाय?"

"नाही. माहेरहून ढेकूण आणले म्हणतील जन्मभर. वडिलांचं नाव घेतील."

"पण तुला मान्य हाय ना?"

मी मान हलवली.

"बास. एवढ्या बिल्डिंगीत मान्य करणारी तू एकटी निघालीस," असं म्हणून आकडा अंबाड्यात खोचून त्या निघून गेल्या.

त्या रविवारी त्यांनी बाराही घरांना गच्चीवर बोलावलं. म्हणणं साधं होतं. एकट्या-दुकट्यानं भागत नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी सगळं सामान उन्हात काढायचं आणि त्याच दिवशी रिकाम्या घरांत फवारणी करायची. एक घर जरी राहिलं तरी तिथून पुन्हा पसरणार.

"पण आमच्याकडे नाहीतच," परभणीकर म्हणाले.

"आमच्याकडेही नाहीत," निलंगेकर म्हणाले.

नाझरसाहेब उभे राहिले. "असले तर ते कुठून आले हे आधी बघितलं पाहिजे. उस्मानाबादचे तर बिलकुल नाहीत. जुन्या जिल्ह्यात मी वीस वर्षं काढली, एक दिसला नाही. हे रेल्वेच्या गावचे असणार. नांदेडचे."

गच्चीवर नांदेडची मी एकटी. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सासूबाई ताठ झाल्या आणि त्यांनी नाझरसाहेबांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"नांदेडचे न्हाईत," अक्का म्हणाल्या. "उदगीरचे हायेत. माझ्या खाटेतले. मी आणले."

आता सगळ्या माना अक्कांकडे वळल्या.

"मान्य हाय म्हनून सांगून राहिले. आता तुमी सामान काढणार का न्हाई?"

आणि काय सांगू, बाराही घरं एका क्षणात तयार झाली! गुन्हेगार सापडला होता, त्यामुळे सामान काढण्यात आता कुणाचीच नामुष्की नव्हती. "अक्कांमुळे आम्हालाही त्रास," असं म्हणत माणसं उत्साहानं कामाला लागली.

वैशाखातलं ऊन होतं. गच्चीवर पाय ठेववत नव्हता. खाटा, गाद्या, उशा, झाडून सगळं वर आलं. नाझरसाहेबांची खाट चौघांनी आणून टेकवली, तसे त्यातून तिगणे असे धावत सुटले की नाझरसाहेब बराच वेळ ढगच नसलेल्या आभाळात ढग शोधत राहिले. परभणीकरही आभाळाकडेच बघत होते. माझा मोर सगळ्यांच्या गर्दीत उन्हात भाजला आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. खाली अक्का तोंडाला फडकं बांधून खोल्याखोल्यांतून फवारत होत्या आणि प्रत्येक पिचकारीला म्हणत होत्या, "शिवा शिवा, माफी कर."

दर आठ दिवसांनी असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा काहीही निघालं नाही. माझं लग्न झाल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा गाढ झोपले.

अक्कांच्या वाट्याला मात्र ते नाव कायमचं आलं. जिन्यात त्या दिसल्या की बायका पदर सावरून कडेला होत. कुणी त्यांना बसा म्हणेना. लेकरं त्यांना ढेकूणअक्का म्हणू लागली. हे सगळं मी बघत होते आणि गप्प होते. आजही त्याची लाज वाटते.

पुढं एकदा टँकर आला आणि अक्का खाली उतरल्या नाहीत. मी त्यांच्यासाठी घागर भरून वर नेली. दार नुसतं लोटलेलं होतं. अक्का तापानं फणफणल्या होत्या आणि फरशीवर चटई टाकून पडल्या होत्या. एक पत्र्याची पेटी, कोनाड्यात देव, दोरीवर दोन लुगडी. खुर्ची नाही, गादी नाही.

"अक्का, खाट कुठाय?"

"मालक गेले तवाच देऊन टाकली. एकटीला काय करायची?"

मी तिथंच खाली बसले. ज्या घरात खाटच नाही, त्या घरातले ढेकूण सगळ्या इमारतीनं मानून घेतले होते. वर्षभरात कुणी एकदा जरी आत डोकावलं असतं तरी अक्कांचं खोटं पकडलं गेलं असतं. कुणी डोकावलंच नव्हतं, आणि गच्चीवरच्या गर्दीतही त्यांची खाट कुणी शोधली नव्हती. मीसुद्धा नाही.

खाली जाऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. लॉज, मोर, अक्का, सगळं. आता वडिलांचा उद्धार होणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. सासूबाई उठल्या, पिठलं-भाकरी बांधली आणि म्हणाल्या, "चल."

जिन्यात नाझरीणबाई भेटल्या. "कुणीकडे?"

"अक्कांकडे," सासूबाई तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ढेकूण आमच्या पलंगातले होते. त्या बाईकडे साधी खाटसुद्धा नाही."

वर गेल्यावर अक्का उठून बसल्या. आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि चहा केला. कप एकच होता. तो सासूबाईंना दिला. मला फुलपात्र दिलं आणि आपण वाटीनं प्यायल्या.

"पाव्हणं येत न्हाईत ना कुणी," त्या ओशाळून म्हणाल्या, "म्हनून घेतले न्हाईत दुसरे."

सासूबाईंनी चटईवर मांडी घातली, भिंतीला पाठ टेकली आणि तो चहा इतका सावकाश प्यायला की संपेपर्यंत दिवेलागण झाली.