वादळपाखरू, बादली आणि मी

"बाबा, यंदा तुम्हाला वादळपाखरू दाखवलं नाही, तर मी दुकानाची पाटी उतरवीन!" असं मी सासरेबुवांना भर जेवणात सांगून टाकलं. माझं चष्म्याचं दुकान आहे. अख्ख्या गावाला लांबचं दिसावं म्हणून मी दिवसभर झटतो, तिथे एक पाखरू म्हणजे किस झाड की पत्ती!

"अहो, परवा तुम्ही अँटेनावरच्या फडक्याला घार म्हणालात," बायको म्हणाली.

सासरेबुवा हसले नाहीत. ते निवृत्त पोस्टमास्तर. किनाऱ्यावरची, खाडीतली सगळी पाखरं बघून झालेली, राहिलं होतं ते हे एकच. ते जमिनीकडे फिरकतच नाही. शरद ऋतूत स्थलांतर करताना खोल समुद्रावरून तेवढं जातं, म्हणजे बोट आली!

"पुढच्या वर्षी हे गुडघे बोटीत चढू देतील असं वाटत नाही, जावईबापू," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी तिघांच्या जागा ठरवल्या.

खरं सांगू? मलाही चैन पडेना. चिमणीपेक्षा जरासं मोठं पाखरू आणि मुक्काम भर समुद्रात! झोपतं कुठे? पाणी कुठलं पितं? मी इतके प्रश्न विचारले, की लग्नानंतर पहिल्यांदाच सासरेबुवांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली.

बोट सुटली आणि नाकात एक भपकारा शिरला. मागच्या टोकाला झाकण लावलेली एक बादली होती. वास असा, की आठवडाभर कुणी कचरा टाकलाच नसावा! अशानं सासरेबुवांच्या पोटात ढवळलं म्हणजे? बोटवाला सुकाणूत गुंतला होता. मी गुपचूप झाकण काढलं आणि बादली समुद्रात उपडी केली.

वारा नेमका माझ्या तोंडावर येत होता. मी बादली समुद्रावर ओतली, वाऱ्यानं ती माझ्यावर ओतली. टोपीपासून बुटांपर्यंत!

"अहो साहेब!" बोटवाला किंचाळला. "ते आमिष होतं! माशाचं तेल! त्या वासावरच तर पाखरं येतात!"

"दुसरी बादली असेल ना?"

"आहे की. घरी!"

सासरेबुवांनी दुर्बिणीला टोपण लावलं. "असू दे," म्हणाले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण ते "असू दे" फार लागलं.

बोटवाल्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली. हुंगलं. मग त्याचा चेहरा खुलला. "चला, जाऊ पुढे! फक्त यांनी मागे बसायचं. कोट काढायचा नाही, तोंड पुसायचं नाही!"

"बघा, शेवटी कामाला आलात," बायको नाक दाबून म्हणाली.

आधी कुरव आले, ते पांढरे, खादाड समुद्रपक्षी. एकानं माझी टोपी पळवली, दुसऱ्यानं कॉलर चाखून बघितली. मी डोळे मिटून घेतले. आणि एकाएकी बोटीवर चिडीचूप.

"हलू नका!" सासरेबुवांचा आवाज कापत होता.

"काय झालं?"

"शू!"

डोक्यावर काहीतरी हलकंसं, ओलं, गार टेकलं होतं.

"तेच का हो? कसं आहे? शेपटीजवळचा पांढरा पट्टा दिसतोय?"

"अहो, गप्प बसा ना!" बायको कुजबुजली.

सासरेबुवा कठड्याला धरून, कुरकुरणारे गुडघे ओढत हातभर अंतरावर आले. डोळे भरून वाहत होते. "आहे हो, पट्टा आहे! दमलंय बिचारं. आणि चोचीवर ती खारट पाणी बाहेर टाकायची इवलीशी नळी... बघा, बघा!"

"मी कुठून बघू?"

तेवढ्यात ते उडालं. मी गर्रकन मान वळवली, तर मागे नुसत्या लाटा! बोटीवरच्या सगळ्यांनी ते बघितलं, मी सोडून.

परतताना सासरेबुवांनी माझा घाणेरडा हात किनारा येईपर्यंत सोडला नाही. काय सांगू, मला रडूच आलं.

बायकोनं काढलेला फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात लागलाय. पाखरू मोठं दिसावं म्हणून फोटो माझ्या कपाळापाशी कापलाय, खाली दिसतात ते फक्त माझे विस्कटलेले केस. ते कसं दिसतं ते मी तिथेच पहिल्यांदा बघितलं, आणि अजूनही गेलो की बघत उभा राहतो. परवा एक पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, "वा, घरट्यात बसलंय! हे घरटं वाळक्या गवताचं का हो?"

सासरेबुवांनी माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "हो."