बस वळायला जागा

अंबादासराव ढोरकिनकर आठवड्यातून तीनदा विटांनी भरलेली पत्र्याची ट्रंक घेऊन स्टेशनवर जात आणि कुठंही न जाता परत येत.

हे मला औरंगपुऱ्यात राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी कळलं. मी तेव्हा शेतकी खात्यात नवा कारकून होतो, लग्नही नवंच होतं. आमच्या खोलीला लागून त्यांच्या दोन खोल्या. सकाळी दात घासत बाहेर आलो, तर साठीतला एक काटक माणूस सायकलच्या कॅरियरला ट्रंक बांधण्याची खटपट करत होता. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल. गावाला निघालेले दिसतात, जरा हात लावावा म्हणून ट्रंक धरली, तर माझा खांदाच खाली आला.

"काका, आहे काय यात?"

"विटा. सहा. शिवाय दोन जुनी धोतरं आणि एक लोणच्याची बरणी."

"आणि निघालात कुठं?"

"स्टेशनवर."

"नाही, पण गाडीनं कुठं जाणार?"

"गाडीनं कशाला जाऊ?" ते म्हणाले. "मी गाडीतून उतरायला चाललोय."

आणि सायकल ढकलत निघूनही गेले.

त्याचा उलगडा नंतर झाला. त्या काळी शहरातली बस स्टेशनच्या फाटकापर्यंत येत नसे. अलीकडच्या चौकात एक मोठी चिंच होती, तिच्याखाली ती थांबे आणि तिथूनच माघारी वळे. गाडीतून उतरलेला माणूस पोरंबाळं, ट्रंका, वळकट्या सांभाळत चिंचेपर्यंत पोचायचा, तेव्हा त्याला बसची धूळ दिसायची. सगळं शहर ही गोष्ट वर्षानुवर्षं हसण्यावारी नेत होतं. अंबादासरावांनी मात्र ती मोजायला घेतली.

मोजणं हा त्यांचा जन्माचा धंदा. निजामाच्या राज्यात ते जमीन मोजणीच्या खात्यात लागले. घरात मराठी, कचेरीत उर्दू. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचीही भाषा मराठी झाली, तेव्हा तिशीतल्या अंबादासरावांनी मराठी अर्जांचा नव्यानं सराव केला. पण हात काही पुरता वळला नाही. त्यांचा बसबद्दलचा पहिला अर्ज मी पाहिला आहे. "बाअदब अर्ज की, गाडीतून उतरलेला इसम बसपर्यंत पोचेतो बस फरार होते. लिहाजा बसला फाटकापर्यंत येण्याचा हुकूम व्हावा." खाली नकाशा. नकाशात चिंचेची पानंसुद्धा काढलेली.

तर हे गृहस्थ प्लॅटफॉर्मवर उभे राहत. मनमाडकडून गाडी आली, की उतरणाऱ्यांच्या गर्दीत घुसत, ट्रंक खांद्यावर घेत आणि चिंचेकडं चालू लागत. पावलं मोजत. तीनशे चाळीस. मग वहीत लिहीत, वेळ किती लागला, किती ठिकाणी दम खाल्ला, बरणी शाबूत आहे की नाही. विटाच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हमालांना विचारून वजन काढलंय. संसारी माणसाची ट्रंक साधारण एवढी भरते."

एकदा नव्या हवालदारानं त्यांना हटकलं. हा माणूस दर खेपेला ट्रंक घेऊन दिसतो, तिकीट कधी काढत नाही. ट्रंक उघडायला लावली.

"ह्या विटा कुनाच्या?"

"माझ्या."

"कुठून आनल्या?"

"घरून."

"आन् नेता कुठं?"

"घरी."

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग बरणीचं झाकण उघडून वास घेतला. "लोनचं तर खरंच हाय की," असं पुटपुटत तो निघून गेला. पुढं तोच कधीमधी ट्रंकेची एक कडी धरून चिंचेपर्यंत सोबत करू लागला.

त्यांचा एक शब्द होता, मौका. मोजणीवाल्यांचा मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. कुठलाही वाद निघाला, की अंबादासराव उठून उभे राहत आणि म्हणत, "मौक्यावर चला." नलू, माझी बायको, एकदा सहज म्हणाली, की आमचं दार पुरतं उघडत नाही, खोलीच लहान आहे. "मौक्यावर चला," म्हणत काका थेट आत. पलंगाला टेप लावला, दाराला लावला, आणि पलंग चार बोटं सरकवायला सांगितला. दार भिंतीपर्यंत उघडलं. त्या दिवसापासून नलू त्यांच्या पक्षात गेली. संध्याकाळी आमच्याकडं चहाला आले, की ती आधी विचारायची, "काका, आज बरणी कशी आहे?"

"सुखरूप," काका गंभीरपणे सांगत.

अर्जांना उत्तरं येत, ती 'आपला अर्ज मिळाला' एवढीच. शेवटी काकांनी बसच्या बड्या साहेबांची भेट मिळवली. साक्षीला मला नेलं. अर्थात ट्रंकही.

साहेब अंगानं भारदस्त आणि स्वभावानं भले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "अहो, तीनशे चाळीस पावलं म्हणजे काय मोठं? तेवढाच पायाला व्यायाम."

"रास्त आहे," काका म्हणाले. "साहेब, जरा ही उचलून पाहता?"

साहेब उठले, बाह्या सावरल्या, ट्रंक उचलली. टेबलापासून दारापर्यंत सतरा पावलं झाली. काका मोठ्यानं मोजत होते. दाराशी साहेबांनी ट्रंक टेकवली आणि तिच्यावरच बसले. शिपाई धावत पाणी घेऊन आला.

"अजून तीनशे तेवीस," काका नम्रपणे म्हणाले.

साहेब पाणी प्यायले, घाम पुसला आणि दम घेत म्हणाले, "ढोरकिनकर, पटलं मला. पण स्टेशनपुढं बस वळणार कशी? जागाच नाही. आमचे ड्रायव्हर लोक सांगतात."

काकांचे डोळे लकाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना मोजता येईल असा प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन स्टेशनपुढं हजर. मी रजा काढून सोबत. मधोमध खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि फिरत फिरत फक्कीचं एक भलंमोठं अर्धवर्तुळ आखलं. जागा होती. चांगली ऐसपैस होती. फक्त तिच्या मधोमध टांगे उभे होते.

टांगेवाल्यांचे म्होरके बाबूमियाँ. मेंदी लावलेली दाढी, कमरेला चाबूक, आणि शहजादी नावाची पांढरी घोडी. काकांची आणि त्यांची जुनी ओळख. विटांवरून ते काकांना दर खेपेला छेडत.

"क्या मुन्शीजी, आज चुन्याचा काय कारभार?"

"बस इथून वळणार, बाबूमियाँ."

बाबूमियाँचं हसू मावळलं. "और हम? बस दरवाजे पे आई तो हमारे टांगे में कौन बैठेगा? घोडे को क्या खिलाऊँ, तुमारे ईंटां?"

काकांनी वही उघडून पाहिली. हे त्यांच्या वहीत नव्हतं. घरी येताना सायकल हातात धरून चालत राहिले, पैठण गेटपाशी थांबून म्हणाले, "मधुकर, एकाची सोय करताना दुसऱ्याची जागा मोडली, तर ती मोजणी चूक."

पुढचे पंधरा दिवस ते ट्रंक घरी ठेवून बाबूमियाँच्या टांग्यात बसून फिरले. उतारू कुठला, कुठं उतरला, सगळं वहीत. मग एका सकाळी सगळ्या टांगेवाल्यांना गोळा करून सांगितलं. तुमचे निम्म्याहून जास्त उतारू अशा गल्ल्यांत जातात, जिथं बसचं नाकसुद्धा शिरणार नाही. ते तुमचेच राहतील. आणि मालधक्क्याजवळच्या लिंबाखाली तुम्हाला सावलीची जागा, शेजारी पाण्याचा हौद.

"हौद तो नहीं है वहाँ," बाबूमियाँ म्हणाले.

"होईल. त्याशिवाय बसची रेघ मी पुसून टाकीन. जबान देतो."

बाबूमियाँनी शहजादीच्या मानेवर हात फिरवला. "मुन्शीजी, तुम आदमी टेढे हो, पर नाप तुमारा सीधा है. हौद पहले, हौ?"

"हौ," काका म्हणाले.

हौदाला आठ महिने लागले. अर्ज काकांचे, विटा काकांच्या ट्रंकेतल्या आणि बाकी इकडून तिकडून जमवलेल्या, बांधकाम टांगेवाल्यांचं. मधल्या काळात नलू बाळंतपणासाठी माहेरी सेलूला गेली आणि मुलगी झाल्याचं पत्र आलं. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि लगेच मला दरडावलं, "सूनबाईला लिही, लेकराला घेऊन घाईनं येऊ नको म्हणावं. बस फाटकाला लागू दे."

मग तो पारखायचा दिवस आला. टांगे लिंबाखाली गेले होते. साहेब स्वतः रिकामी बस घेऊन आले. ड्रायव्हर जाडजूड मिशांचा. खाली उतरून त्यानं फक्कीची रेघ पाहिली आणि मान हलवली.

"नाय वळायची साहेब. लई आखूड हाय."

"मौक्यावर चला," काका म्हणाले.

"मौक्यावरच तर हावोत की!"

काका बसच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि तोंड बसकडं करून उलटे चालू लागले. दोन्ही हात वर. "या… या… डावीकडं घ्या… बिनधास्त या!" एवढी मोठी बस आणि तिच्यापुढं काळी टोपी घातलेलं हे मूठभर माणूस. हमाल डोक्यावरचं ओझं तसंच घेऊन थबकले. हवालदार शिट्टी तोंडात धरून वाजवायचा विसरला. बस कण्हत कण्हत वळली. मागचं चाक फक्कीच्या रेघेवरून असं गेलं, की चाकालाच चुना लागला, आणि तोंड शहराकडं करून ती फाटकापुढं उभी राहिली.

मग बाबूमियाँ लिंबाखालून ओरडले, "वाह रे मुन्शी!" आणि शिट्ट्या, टाळ्या. ड्रायव्हर उतरला, रेघेकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "चुकलं काका माजं," म्हणाला. साहेबांनी तिथंच बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

महिन्याभरानं बस रीतसर सुरू झाली. पहिल्याच दिवशी नलू यावी असा काकांचा हट्ट. आम्ही दोघं प्लॅटफॉर्मवर. गाडी आली, नलू उतरली, तिच्या कडेवर साडेतीन महिन्यांची आमची विजू. सामान माझ्या हातात. फाटकाबाहेर आलो तर झेंडूच्या माळा घातलेली बस समोर उभी. कंडक्टरनं काकांना बघून सलाम ठोकला. नलू हसली, "काका, मी एवढी आरामात कधी आले नव्हते."

बसमध्ये पदर आणि पिशव्या सावरताना तिनं विजूला काकांच्या मांडीवर दिलं. काका ताठ बसले. मग हळूहळू त्यांचा एक हात तिच्या पाठीवर आला.

"माझा नातू आता चार वर्षांचा झाला," ते म्हणाले. "अजून पाहिला नाही."

त्यांचा मुलगा मुंबईला असतो, दिवाळीला त्याचं पत्र येतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्यापलीकडं काका कधी बोलले नव्हते.

"लग्नानंतर एकदा आले होते दोघं. जाताना सून म्हणाली, बाबा, येत जाऊ हो आम्ही, पण तुमच्या स्टेशनवर उतरलं की फार हाल होतात. सामान घेऊन पळायचं आणि बस गेलेली. मी म्हटलं, रास्त आहे."

नलूनं माझ्याकडं पाहिलं. मी पायाशी ठेवलेल्या वळकटीची दोरी उगाच घट्ट करत बसलो.

"मग कळवलंत ना त्यांना?" तिनं विचारलं.

"सही झाली त्याच दिवशी. उत्तरही आलं परवा." काका खिडकीबाहेर बघत होते. "आता पोरगा मनमाडची अडचण सांगतो. मोठ्या गाडीतून उतरून लहान गाडीत बसायचं, लेकराचे हाल होतात म्हणतो. आहेच ती अडचण. खोटं नाही बोलत तो." जरा थांबून म्हणाले, "ते काम मोठं आहे. मनमाडपासूनचे अरुंद रूळच बदलावे लागतील. पण होईल."

आवाजात तक्रार नव्हती. बस पैठण गेट ओलांडून पुढं आली. औरंगपुरा आला. मी सामान उचलून उठलो.

काका उठले नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. विजूनं त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं आणि तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती.

"उतरताना धक्का बसेल तिला," ते कुजबुजले. "शेवटच्या थांब्याला, शहागंजापर्यंत जाऊन येऊ का?"

मी नलूकडं पाहिलं. ती उठलीच नव्हती. तिनं कंडक्टरला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "शहागंजची तीन द्या. आणि तीन परतीची."