लिंबाने पाठवलेली फौज

त्या दिवशी मी तोंडाने एक शब्दही खोटा बोललो नाही, नुसती मान हलवली. पुढे जे काही झालं त्याला माझी मान जबाबदार आहे. ती माझ्याच अंगाला जोडलेली असल्यामुळे दोष बाहेर कुणावर ढकलताही येत नाही.

आमच्या कंपन्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. चाकणच्या एका कंपनीत मी डिस्पॅचला क्लार्क आहे (गाड्यांचे सुटे भाग ट्रकमध्ये चढले की 'चढले' असं लिहायचं, हे माझं काम. चढवणारे दुसरेच असतात). राहायला आम्ही थेरगावात, डांगे चौकाच्या अलीकडे. बायको विजयश्री शाळेत इंग्रजी शिकवते, तिची सुट्टी रविवारी. म्हणजे दर गुरुवारी घरात मी आणि कॉम्प्युटर असे दोघंच. ही व्यवस्था देवानेच लावून दिली असावी अशी माझी श्रद्धा होती.

कारण मी गेम खेळतो. गेम म्हणजे ते फळं कापायचे किंवा गाड्या उडवायचे नव्हेत, रोल-प्लेइंग गेम. यात तुम्ही कुणीतरी 'असता'. सुरुवातीला हातात काठी आणि अंगात फाटकी बंडी घेऊन एखाद्या गावात उभे असता, मग कुणाची हरवलेली शेळी शोध, कुणाचा निरोप पोचव, असं करत करत थोर होता. खरा रोल-प्लेइंग गेम कशाला म्हणायचं यावर आमच्या कँटीनमध्ये कडाक्याचे वाद झालेले आहेत. क्वालिटीतला ओंकार म्हणतो, जिथे फाशांवर आणि आकड्यांवर नशीब ठरतं तोच खरा. त्याला जुने गेम आवडतात, वरून दिसणारे, ज्यात माणसं झुरळाएवढी असतात. माझं म्हणणं असं, की जिथे तुमच्या एका वाक्याने जग बदलतं तोच खरा. शिवाय ज्या गेममध्ये माणूस लढाई सोडून अख्खा गुरुवार पिशवीतलं सामान लावण्यात घालवू शकत नाही, त्याला मी गेमच मानत नाही. या वादात एकदा पोहे गार झाले आणि सुपरवायझरही गार झाले, कारण त्यांना वाटलं आम्ही उत्पादनाबद्दल बोलतोय.

माझ्या गेममध्ये मी राणीचा कमांडर आहे. अंगात काळं पोलादी चिलखत, कमरेला जळती तलवार, सोबत एक चेटकीण. लोक मला पाहून बाजूला होतात. (डिस्पॅचमध्ये मला पाहून लोक फॉर्कलिफ्टला वाट करून देतात, मी तिच्यामागे उभा असतो.)

एकदा विजयश्रीने शाळेतून आल्यावर विचारलं, "सुट्टीच्या दिवशीही कंपनीचं काम का?" तेव्हा मी मान हलवली. ही पहिली वेळ. तिने ते माहेरी सांगितलं, आणि एक चमत्कार झाला.

तिचं माहेर कुरुळीचं. माझे सासरे रंगराव हे भोसरीच्या वर्कशॉपात लेथवर आयुष्य काढलेले आणि युनियनचे जुने पुढारी. हाताला ऑइल न लागणाऱ्या माणसाला ते कामगार समजत नसत. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे नुसतं सहन करण्याच्या नजरेने पाहिलं होतं. पण सुट्टीतही राबतो हे कळल्यावर ते कुरुळीच्या पारावर चारचौघांत म्हणाले, "आमचं जावई कष्टाळू हायेत." मला हे मेव्हण्याकडून कळलं तेव्हा मी ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणून घेतलं. खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या वडिलांनीही मला कधी असं म्हटलेलं नाही. हे एक वाक्य सांभाळण्यासाठी मी काहीही करायला तयार होतो.

यंदा खंडेनवमी नेमकी गुरुवारी आली. कंपनीतल्या मशिनींची पूजा आदल्या दिवशीच उरकली होती, म्हणून मी सकाळी निवांत गेम लावून बसलो. काळ्या डोंगरातल्या खाणीत कामगारांनी काम बंद केलं होतं, कारण राणीकडून धान्य आलेलं नव्हतं. कमांडरने काय करायचं? पहिला पर्याय, फौज पाठव. दुसरा, पदरचं धान्य दे. तिसरा, जाऊन बोल. मी विचारात पडलो होतो, इतक्यात बेल वाजली आणि पूजेला येणारे सासू-सासरे ठरल्या वेळेच्या बरेच आधी दारात उभे राहिले. संभाषणाच्या मध्ये गेम सेव्ह होत नाही. मी आवाज शून्यावर नेला, मॉनिटरचं बटण दाबलं आणि पाया पडायला धावलो.

सणामुळे शाळेला सुट्टी होती, त्यामुळे विजयश्रीने सकाळीच पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीन आणि माझा पान्हा मांडला होता. सासऱ्यांनी पाटाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे.

"जावईबापू, तुमचं खरं हत्यार ते. त्याची पूजा नगं का आधी?"

आणि मी मान हलवली.

सासऱ्यांनी बाह्या सारल्या. ज्या प्रेमाने ते लेथ धूत असतील त्याच प्रेमाने त्यांनी ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसला, स्पीकर पुसले, स्पीकरची गोल खुंटी चांगली फिरवून फिरवून पुसली. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब माउसच्या चाकात सोडला. सीपीयू उघडून आतलं काही कुरकुरतंय का बघू म्हणाले, ते मी कसंबसं टाळलं. सासूबाईंनी, म्हणजे सावित्रीबाईंनी, मॉनिटरला झेंडूची माळ घातली. शेवटी सासऱ्यांनी कीबोर्डवर एक टपोरं लिंबू ठेवलं आणि कुंकवाचं बोट मॉनिटरच्या खालच्या कडेला टेकवलं. तिथेच मॉनिटरचं बटण होतं.

पडदा उजळला. पुसण्याच्या नादात आवाजाची खुंटी शेवटाला गेलेली होती, त्यामुळे दगडी गुहेतून यावा तसा आवाज घरभर घुमला, "कमांडर." सावित्रीबाईंनी हात जोडले.

लिंबू एंटरच्या कळीवर बसलेलं होतं. एंटर दाबलेली राहिली की गेम पहिलाच पर्याय निवडत सुटतो. (असल्या गेममध्ये पहिला पर्याय नेहमी आडदांडाचा असतो.) पडद्यावर अक्षरं भराभर सरकायला लागली, तुतारी वाजली, घोडे धावले. मी लिंबू उचलायला हात पुढे केला, तर सासऱ्यांनी मनगट धरलं. पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो.

"काय म्हणतीय कंपनी?" त्यांनी लेकीला विचारलं.

विजयश्री वर्गात वाचतात तसं, इंग्रजीचं मराठी करत, वाचायला लागली. "कमांडरच्या हुकुमावरून खाणीवर फौज निघाली आहे. काम सुरू होईपर्यंत कामगारांचं धान्य बंद. पुढाऱ्यांना बेड्या."

"कोन कमांडर?"

माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "मी."

सासऱ्यांनी माझं मनगट सोडलं. मेलेला उंदीर सोडावा तसं सोडलं. "तुमी कामगारांचं धान्य बंद केलं?"

"मी नाही हो. लिंबानं केलं."

माझ्या आयुष्यात मी इतकं खरं वाक्य फार कमी वेळा बोललो असेन, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. सासरे खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. भोसरीत टाळेबंदी झाली तेव्हाही मी रडलो न्हाई, एवढंच ते बोलले.

आता माझी अवस्था बघा. हे कंपनीचं काम आहे म्हणून गप्प राहिलो तर मी कामगारांच्या पोटावर पाय देणारा. खेळ आहे म्हणून सांगितलं तर मी इतके गुरुवार बायकोला फसवणारा ऐतखाऊ, आणि पारावरचं ते वाक्य गेलंच. मला खरोखर रडू यायला लागलं. मी सासऱ्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. गेम आहे, खोटा आहे, कुणी उपाशी नाही, मी कमांडर नाही, मी सुट्टीच्या दिवशी कष्ट करत नाही.

विजयश्रीचा चेहरा मी पाहिला नाही. तेवढी हिंमत कमांडरकडे होती, माझ्याकडे नव्हती.

सासरे पडद्याकडे बघत राहिले. मग सासऱ्यांनी विचारलं, "म्हंजे ह्यात आपन जे म्हनू ते हुतं?"

"व्हय," मी घाबरून कुरुळीच्या भाषेत म्हणालो.

"मग ती मानसं अजून उपाशीच हायेत की."

"गेममध्ये आहेत."

"गेममदी तर गेममदी." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली आणि लिंबू उचलून विळीशेजारी ठेवलं. सावित्रीबाईंनी आठवण करून दिली की आज हत्याराला हात लावायचा नाही. तर म्हणाले, "हे माजं हत्यार न्हाई, त्यांचं हाय. त्यांनी लावायचा न्हाई."

या न्यायाने दिवसभर माझ्याच कीबोर्डला मी सोडून सगळ्यांना हात लावायची मुभा मिळाली. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. विजयश्री वाचायची, सासरे ठरवायचे, सावित्रीबाई मध्ये मध्ये सूचना करायच्या. सासऱ्यांनी पहिल्यांदा फौज माघारी फिरवली. मग कमांडरला खाणीत नेऊन एकेका कामगारापुढे उभं केलं आणि प्रत्येकाची चौकशी केली, गाव कुठलं, पोरं किती. (या लोकांना बोलता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना ढकलून पुढे जायचो.) पिशवीतल्या भाकऱ्या वाटल्या. सावित्रीबाई म्हणाल्या, त्या औषधाच्या बाटल्याही द्या, ती म्हातारी खोकतीय. त्या बाटल्या मी शेवटच्या राक्षसासाठी जपल्या होत्या. मग जळती तलवार गेली, कारण खाणीत उजेड नव्हता. मग एकाने थंडी वाजते म्हटलं, आणि माझं काळं पोलादी चिलखत गेलं. पडद्यावर कमांडर लंगोटीवर उभा होता आणि सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दादा, पोलादाने थंडी कशी जाईल?" मी कळवळून सासऱ्यांना म्हटलं.

"तुमी मदी बोलू नका."

एवढ्यात चेटकीण पुढे आली. विजयश्री वाचू लागली, "कमांडर, त्या शेकोटीपाशी तू मला जे वचन दिलंस," आणि एकदम थांबली. पुढचं तिने मनातल्या मनात वाचलं, वह्या तपासताना असतो तसला चेहरा करून. मग एक कळ दाबली. चेटकिणीने एक किंकाळी फोडली, माझी जादूची अंगठी काढून घेतली आणि तरातरा डोंगर उतरून निघून गेली.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"घरी बायको आहे म्हणून."

"असा पर्याय नसतो त्यात."

"तुम्हाला कधी दिसला नाही," विजयश्री म्हणाली आणि पुढचं वाचायला लागली. ती हसत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी न सांगता चहा टाकायला गेलो.

चहा घेऊन आलो तर सासऱ्यांनी कमांडरला राणीच्या दारात धरण्यावर बसवलं होतं आणि खाणीतले सगळे त्याच्यामागे बसले होते. मी कधी न ऐकलेलं संगीत सुरू झालं, दरवाजा उघडला, धान्याच्या गाड्या बाहेर पडल्या. सासरे खुर्चीवरून उठले, त्यांनी कॉम्प्युटरपुढे हात जोडले आणि विजयश्रीच्या पाठीवर थाप मारली. सावित्रीबाईंनी पेढा काढून मॉनिटरपुढे ठेवला. मी ट्रे घेऊन उभा होतो, तरी मला त्या खोलीत फार आनंद झाला होता हे कबूल करतो. ओंकारच्या फाशांना आणि आकड्यांना मी मनातल्या मनात कायमचं हरवलं. खरा गेम हाच.

मग सासरे माझ्याकडे वळले. मी ट्रे खाली ठेवून मान खाली घातली.

"तुमी गेम खेळत हुता, ते कळलं," ते म्हणाले. "त्याचं काय न्हाई. पन पारावर मी चारचौघांत बोलून बसलोय. आता त्यांना काय सांगू?"

एवढ्यात पडद्यावर काहीतरी हललं म्हणून सगळे तिकडे बघायला लागले. कामगारांनी कमांडरला आभाराची भेट आणली होती. सामान वाहायला एक धष्टपुष्ट खेचर, दोन्ही बाजूंना ओझी लादलेलं, मान खाली घालून उभं. खाली एक रिकामी चौकट लुकलुकत होती.

"ह्याला नाव द्यायचंय म्हणे," विजयश्रीने वाचलं.

सासऱ्यांनी खेचराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खेचराकडे. विजयश्रीने त्यांना काही विचारलं नाही, सरळ कीबोर्डवर बोटं चालवली आणि चौकटीत माझं नाव उमटलं, दिग्विजय.

"झ्याक," सासरे समाधानाने म्हणाले. "आता पारावर बोललो ते खोटं न्हाई. दिग्विजय कष्टाळू हाय."