चोवीस बरण्या आणि एक कवळी

मला बोलायला सांगू नये, आणि सांगितलंच तर घड्याळाकडे बघू नये, अशी माझी ख्याती आहे. यंदाचं मनन माझ्याकडे आलं ते त्यामुळेच, असं मी धरून चाललो होतो.

दर वर्षी प्लम पिकले की आम्ही मेहुण्याच्या शेतावर जमतो आणि चोवीस बरण्या जाम करतो. चार वाजता पाळकसाहेब येतात, कुणीतरी बायबलमधल्या एखाद्या वचनावर मनन म्हणून चार शब्द बोलतं, प्रार्थना होते आणि बरण्या चर्चच्या वृद्धाश्रमाला जातात. मी चार शब्दांची सात पानं केली होती. विषय, जिभेवर ताबा.

दहा वाजता मी पातेल्यातला जाम चाखला आणि प्लमची साल वरच्या कवळीखाली पोटभाडेकरूसारखी जाऊन बसली. कवळी काढून मी ओट्यावरच्या, नुकत्याच उकळून ठेवलेल्या एका बरणीत ठेवली. घरात त्याहून स्वच्छ जागा नव्हती. चूळ भरायला अंगणात गेलो, तर मेहुण्याने शिडी धरायला उभं केलं. परत येतो तो चोवीसच्या चोवीस बरण्या भरलेल्या, झाकणं लागलेली.

"एकीलाही हात लावायचा नाही," बायको पळी धूत म्हणाली. "थंड होताना झाकण टक करून आत बसतं. चोवीस टक होऊ देत."

मी तोंड न उघडता मान हलवली. मागच्याच महिन्यात कवळी चष्म्याच्या घरात सापडली होती, तेव्हा तिने बजावलं होतं, पुन्हा हरवलीत तर जन्मभर सूप प्या.

"दाजी, आज गप्प गप्प?" मेहुण्याने विचारलं.

मी नुसतं हं केलं.

"रुसलेत ते," त्याची बायको कुजबुजली. "जावयाला शिडी धरायला लावतं का कुणी?" आणि माझी समजूत काढायला तिने बशीभर शेंगदाणे आणून ठेवले. भाजलेले, कडक.

सगळे अंगणात गेल्यावर मी बॅटरी घेतली. पहिल्या फेरीत प्रत्येक बरणीत दात दिसले. दुसऱ्या फेरीत एकीतही दिसेनात. तिसऱ्या फेरीत कानाशी 'टक' झालं आणि बॅटरी पायावर पडली. मग टक, टक, टक. माझे दात सीलबंद होत होते. डोळ्यांपुढे वृद्धाश्रमातले एक आजोबा आले, पाव, पावावर जाम आणि जामात माझं हास्य.

साडेतीनलाच पाळकसाहेबांची गाडी आली. तेवीस बरण्या खोक्यात गेल्या. चोविसावीने टक केलंच नव्हतं.

"ही टिकायची नाही. चहाबरोबर संपवू," बायको म्हणाली आणि तिने झाकण फिरवलं.

आत काही आडवं आलं म्हणूनच झाकण बसलं नसणार! पाळकसाहेबांनी चमचा घातला, ढवळला, तळापर्यंत नेला.

"वा," ते म्हणाले. नुसता जाम होता. म्हणजे दात खोक्यात, आणि खोकं गाडीत.

"चला, मनन," बायको म्हणाली.

मी उभा राहिलो. सात पानं खिशात, जीभ ताब्यात. बाहेर ड्रायव्हरने गाडी वळवून ठेवायला इंजिन चालू केलं आणि ते आजोबा पुन्हा डोळ्यांपुढे आले. पाव तोंडाशी नेत होते.

"थांबवा गाडी," मी म्हणालो. वरच्या दातांशिवाय हे दोन शब्द म्हणजे फाटक्या भात्यातली हवा. "चूक माझी आहे. माझी कवळी एका बरणीत आहे. कुठल्या, ते माहीत नाही. मी सकाळपासून लपवतोय. कुणाच्या तोंडात जाण्याआधी सगळ्या उघडा."

पाळकसाहेबांनी चमचा हळूच खाली ठेवला.

बायकोने एप्रनच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि माझ्यापुढे धरला. धुतलेली, चकचकीत कवळी.

"भरण्याआधी मी प्रत्येक बरणीत बघते," ती म्हणाली. "ती बरणी पुन्हा उकळलीसुद्धा."

"कधी सापडली?"

"सव्वादहाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण चाळीस वर्षांत घर इतकं शांत कधी नव्हतं. म्हटलं, चार वाजेपर्यंत राहू दे."

मी कवळी बसवली, घसा साफ केला आणि खिशातून सात पानं काढली.

"यांचा विषय काय होता?" पाळकसाहेबांनी तिला विचारलं.

"जिभेवर ताबा."

"मग झालं की मनन," ते म्हणाले. "सकाळी दहापासून चाललं होतं." आणि त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

ती सात पानं अजून माझ्याकडे आहेत. कुणाला ऐकायची असतील तर कळवा. मी दात लावूनच बसलो आहे.