सगळ्या सूचना बंद

सूचना दिल्याशिवाय सुलोचनाबाई आपल्या मुलाला, म्हणजे साईशला, घराबाहेर सोडत नसत. "हेल्मेट घी. डबो विसरू नको. ट्रकाच्या मागसून जाव नको. येताना पावाचे उंडे घेवन ये." साईश प्रत्येक सूचनेला "हूं" म्हणे आणि एकही ऐकत नसे. मुळगाव ते डिचोली एवढा प्रवास, त्यात काय ऐकायचं?

डिचोलीच्या ज्या छोट्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे टाकी भरली की पंप आपोआप बंद करणाऱ्या पेट्या बनत. पेटीतल्या चिपला अक्कल देणारा प्रोग्राम साईश लिहायचा. तिथेही त्याच्या नशिबी एक आई होतीच. प्रोग्राम तपासणारा कंपायलर दर खेपेला स्क्रीनभर पिवळ्या इशाऱ्यांच्या ओळी ओती. बहुतेक इशारे चिपच्या कंपनीकडून आलेल्या तयार फायलींबद्दलचे, म्हणजे निरुपद्रवी.

शुक्रवारी मालक गोकुळदासबाब मागे येऊन उभे राहिले. "उद्या सगुणबाब येतलो. मोपाक विमानतळाजवळ खोल्यो बांधता, दर टाकीक एक पेटी होयी तेका. ऑर्डर मिळाली तर तू पर्मनंट. पण ह्या पिवळा कित्याक दिसता?"

"कायच नाय. आत्ता घालवतंय."

शेजारच्या टेबलावरून सिद्धी म्हणाली, "सगळे बंद करू नको हां. जो इशारो नको, तेचा नाव घेवन तेवढोच गप्प कर. आणि कित्याक केलं, ता बाजूक लिही."

"हूं," साईश म्हणाला आणि एकाच ओळीत सगळे इशारे बंद करून टाकले. स्क्रीन कशी स्वच्छ झाली! मालक खूश झाले.

शनिवारी प्रात्यक्षिक साईशच्याच घरी होतं, कारण चाचणीची पेटी आदल्या संध्याकाळी तिथेच बसवली होती. पांढराशुभ्र शर्ट घातलेले सगुणबाब अंगणात खुर्चीवर बसले. गच्चीवर टाकी, आणि टाकीच्या पायथ्याशी सुलोचनाबाईंनी वर्षभराची कोकमाची सोलां वाळत घातलेली. त्या वरच बसून ती परतत होत्या.

"बघा," साईश म्हणाला, "टाकी भरली की पंप आपणच थांबतलो."

"सायशा, टाकी भरली रे!" वरून हाक आली.

"हूं."

"सायशा, पाणी भायर येता!"

"हूं. तर सगुणबाब, ह्या पेटीत..."

"सायशा, माझी सोलां!"

"आये, जरा गप्प रव गे!"

सुलोचनाबाई गप्प झाल्या. पंप मात्र झाला नाही. पन्हळीतून लालभडक पाणी घरंगळलं ते थेट सगुणबाबांच्या शर्टावर. शर्ट सोलकढीच्या रंगाचा झाला. साईश धावत आत गेला आणि त्याने पंपाचं बटण हाताने बंद केलं.

सगुणबाब माणूस मोठ्या मनाचा. "सोमवारी परत दाखव," एवढंच म्हणाले. गोकुळदासबाब साईशकडे न बघताच त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

संध्याकाळी सिद्धीने त्याला इशारे पुन्हा चालू करायला लावले. पिवळ्या गर्दीत एक ओळ साईशच्या स्वतःच्या कोडबद्दल होती: ही अट कधीच खरी होणार नाही. उरलेली जागा शून्याखाली गेली की पंप बंद, असं त्याने लिहिलं होतं, आणि तो आकडा शून्याखाली जाऊच शकत नव्हता. कंपायलर बिचारा पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता. साईशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो लवकर उठला. सगळं पुन्हा तपासायचं होतं. सुलोचनाबाई ओसरीवर भिजलेली सोलां निवडत होत्या. हेल्मेटाबद्दल अवाक्षर नाही, डब्याबद्दल नाही, उंड्यांबद्दलही नाही.

"हेल्मेट घेतलंय हां, आये."

सुलोचनाबाईंनी एक सोल उचलून बाजूला टाकलं. साईशला चैन पडेना. त्याने खिसे चाचपले, चावी पाहिली, डबा पाहिला, आणि धास्तावलेल्या मनाने निघाला.

कारखान्याच्या गेटला कुलूप होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळाने त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने घरी फोन लावला.

"आये, आज आयतार?"

"व्हय."

"मगे सांगूक नाय माका? तुझ्यासमोर तयार झालंय!"

"तूच म्हटलंस, गप्प रव."

साईश ओशाळला. "चुकलंय, आये. आता सगळा सांगत जा. मी ऐकतंय."

"मगे ऐक. उन्हात उभो रवू नको. हळू ये. येताना उंडे हाडूक विसरू नको."

या वेळी साईश "हूं" म्हणाला नाही. मन लावून ऐकत होता. "आणि काय?"

"आणि," सुलोचनाबाई म्हणाल्या, "तुझ्या पायात माझी न्हाणीतली चपलां आसत."

साईशने खाली पाहिलं.